कालव्यावरील नॅरोबोटीत राहणे आणि तिची देखभाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघे गेली सात वर्षे इंग्लंडमधील कालव्यांवर एका ५७ फुटी नॅरोबोटीत राहत आहोत. ब्रिटनमधील मराठी स्नेही, पुण्याहून येणारे नातेवाईक आणि स्वतः बोट घेण्याच्या विचारात असलेले काही तरुण यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. यात सांगितलेले नियम इंग्लंड आणि वेल्समधील आहेत. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे.

नॅरोबोट म्हणजे नेमके काय? हाउसबोट आणि ती एकच का?

केरळमधील हाउसबोट डोळ्यांसमोर आणली तर फसगत होईल. नॅरोबोट ही पोलादी, लांबलचक आणि विलक्षण अरुंद बोट असते. तिची रुंदी ६ फूट १० इंच असते आणि लांबी ३० फुटांपासून ७० फुटांपर्यंत काहीही असू शकते. आतील लाकडी अस्तर आणि उष्णतारोधक थर वजा केला, तर राहायला जेमतेम सहा फूट रुंदी उरते आणि दोन माणसांना एकमेकांना ओलांडायचे असेल तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते.

ही रुंदी कोणाच्या आवडीने ठरलेली नाही. १७६१ मध्ये वर्स्लीच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरला नेणारा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला. त्याचे काम पाहणारे जेम्स ब्रिंडली यांनी पुढे ट्रेंट अँड मर्सी कालव्यासारख्या मार्गांवर पाणी आणि बांधकाम वाचवण्यासाठी सुमारे सात फूट रुंदीची लॉक, म्हणजे जलपाश, बांधले. त्या मापात बसेल तीच बोट मध्य इंग्लंडभर फिरू शकते, हे तेव्हापासून कायम झाले. रेल्वे आल्यावर मालवाहतुकीचे दर कोसळले आणि काठावरचे घर परवडेनासे झालेल्या नावाड्यांची कुटुंबे बोटीवरच राहू लागली. मागच्या बाजूच्या साधारण दहा फूट लांबीच्या खोलीत नवरा-बायको आणि चार-पाच मुले राहत. आमची बोट पाहून कोणी ‘इतक्याशा जागेत कसे राहता?’ असे विचारले, की मला त्या खोलीची आठवण होते. आम्हा दोघांना तर संपूर्ण बोट आहे.

बोट घेतली की लगेच राहता येते का? कोणती कागदपत्रे लागतात?

बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. त्याआधी ते ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळाकडे होते. ट्रस्टचा परवाना मिळण्यासाठी तीन गोष्टी लागतात: तृतीय पक्षाची जबाबदारी घेणारा विमा, दर चार वर्षांनी होणाऱ्या बोट सेफ्टी स्कीमच्या तपासणीचे प्रमाणपत्र, आणि बोट कायम कोठे बांधणार याची माहिती किंवा ती सतत फिरती ठेवण्याची हमी. परवान्याचे शुल्क बोटीच्या आकारावर ठरते. ठरलेली जागा न घेता फिरत राहणाऱ्यांना २०२४ पासून अधिभार द्यावा लागतो आणि त्यावरून आमच्या शेजाऱ्यांमध्ये अजूनही धुसफूस चालते. बोट चालवण्याचा परवाना मात्र खाजगी वापरासाठी लागत नाही. सात फूट रुंदीच्या दगडी फटीत सतरा टन पोलाद घालणाऱ्या माणसाला कोणी परीक्षा द्यायला लावत नाही, याचे मला पहिल्या वर्षी फार आश्चर्य वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

एकाच ठिकाणी हवे तितके दिवस थांबता येते का?

मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या गोदीत, किंवा काठावर भाड्याची जागा घेतली असेल तर थांबता येते. मात्र त्यांतील बहुतेक जागा बारमाही निवासासाठी मंजूर नसतात, हे करार करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ठरलेली जागा नसेल, तर १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही आणि वर्षभर खरोखर प्रवास करत राहावे लागते. आजारपण, इंजिनातील बिघाड किंवा बर्फ यांसारखे रास्त कारण असल्यास मुदत वाढवून मिळते, पण ती मुदत संपण्यापूर्वी मागावी. दोन पुलांच्या मध्ये मागे-पुढे करत राहणे म्हणजे प्रवास नव्हे. ट्रस्टचे कर्मचारी बोटींचे क्रमांक टिपत टोपाथवरून फिरत असतात. टोपाथ म्हणजे पूर्वी घोडे ज्या वाटेने बोटी ओढत असत ती काठावरची पायवाट.

पत्त्याची अडचण खरी आहे. डॉक्टरकडे नाव नोंदवण्यासाठी पत्त्याचा पुरावा कायद्याने लागत नाही. बँक आणि विमा कंपन्यांना मात्र पत्ता हवाच असतो. आम्ही एका मित्राच्या घरचा पत्ता त्याच्या संमतीने वापरतो आणि महिन्यातून एकदा टपाल आणायला जाताना चकल्या घेऊन जातो.

पाणी कोठून येते?

बोटीच्या पुढच्या टोकाखाली टाकी असते. आमची ५०० लिटरची आहे. कालव्याच्या काठी काही मैलांवर पाण्याचे नळ असतात; तेथे बोट बांधायची, आपली नळी लावायची आणि तासभर थांबायचे. ज्यांनी लहानपणी सकाळी सहाला येणारे आणि सातला जाणारे नळाचे पाणी भरले आहे, त्यांना हे जीवन समजावून सांगावे लागत नाही. भारतात शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरतात. आम्ही दोघे मिळून ६५ ते ७० लिटरमध्ये भागवतो. शॉवर अंग भिजवताना सुरू, साबण लावताना बंद, पुन्हा सुरू. भांडी वाहत्या नळाखाली घासणारा पाहुणा आला की माझे लक्ष त्याच्या बोलण्याकडे नसते, पाण्याच्या पंपाच्या घरघरीकडे असते.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवावी आणि तिचे तोंड जमिनीवर टाकू नये, कारण त्याच ठिकाणी शेजारचा माणूस दुसऱ्या नळाने शौचालयाची पेटी धूत असतो. टाकी पोलादाची असेल तर काही वर्षांनी ती रिकामी करून, आत उतरून, गंज खरवडून, पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेला रंग द्यावा लागतो.

शौचालयाचे काय? (हा प्रश्न सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात विचारला जातो.)

तीन पद्धती आहेत. पहिलीत बोटीखाली मोठी टाकी असते आणि ती मरीनात पैसे देऊन पंपाने उपसून घ्यावी लागते. हात घाण होत नाहीत, पण कालवा गोठला आणि बोट हलेना झाली की टाकी भरतच राहते. दुसरी कॅसेटची: आसनाखाली साधारण २० लिटरची बंद पेटी असते, ती भरली की ओढून काढायची आणि काठावरच्या ठरावीक जागी रिकामी करायची. या जागेला येथे सगळे एल्सन म्हणतात. तिसऱ्या पद्धतीत घन आणि द्रव वेगळे ठेवतात. वास कमी येतो, परंतु घन भागाचे पूर्ण खत व्हायला महिने लागतात आणि तो पिशवीत बांधून ट्रस्टच्या कचरापेटीत टाकता येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे बाग किंवा शेत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

आमच्याकडे कॅसेट आहे आणि तिच्या जोडीला आणखी दोन रिकाम्या पेट्या आहेत. दोन माणसांना एक पेटी तीन दिवस पुरते. भरलेली पेटी वीस किलोंची असते. ती सायकलच्या मागे बांधलेल्या छोट्या गाडीवरून पाऊण मैल चिखलातून नेताना माणसाचा सगळा अहंकार गळून पडतो. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सूचना द्यावी: झडप उघडण्याआधी हवा सोडण्याचे बटण दाबावे. ही सूचना संकोचामुळे एकदा राहिली होती. पुन्हा राहिलेली नाही.

वीज किती मिळते? टीव्ही, मिक्सर, केटल चालते का?

बोटीवर १२ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात: एक इंजिन सुरू करण्यासाठी, बाकीच्या घरासाठी. दोन्हींचे काम वेगळे ठेवलेले असते, म्हणजे रात्रभर दिवे जळले तरी सकाळी इंजिन सुरू होते. ११० अँपिअर-तासांच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतील, तर कागदावर ४४० दिसतात. पण त्या निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून हाताशी २२० धरावेत. त्यांतील तीस-चाळीस रोज फ्रिज खातो. इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टची उपकरणे चालतात, परंतु २४०० वॉटची विजेची केटल १२ व्होल्टच्या बॅटरीतून २०० अँपिअर ओढते. म्हणून चहाचे पाणी गॅसवर ठेवावे. मिक्सर चालतो, कारण चटणीला दोन मिनिटेच लागतात.

छतावरचे सौर पत्रे मे ते ऑगस्टमध्ये जवळजवळ सगळा भार उचलतात. डिसेंबरमध्ये त्यांच्याकडून जूनच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक मिळत नाही आणि मग रोज दोन-तीन तास इंजिन चालवावे लागते. काठाला बांधलेले असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचे नसते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या लवकर भरतात आणि अर्धवट भरलेल्या राहिल्या तरी बिघडत नाहीत. पैसे असतील तर नव्या स्वयंपाकघराआधी त्या घ्याव्यात, मात्र इंजिनावरचा जुना अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र, त्यांना थेट जोडू नये, तो तापून जळतो.

हिवाळ्यात गारठत नाही का?

बिडाची शेगडी नीट पेटलेली असेल तर उलट खिडकी उघडावी लागते. ज्यांच्या घरी पूर्वी न्हाणीतला बंब होता त्यांना ही कला निम्मी येतच असते. रात्री झोपण्यापूर्वी राख हलवून खाली पाडायची, धूर न करणाऱ्या कोळशाच्या विटांचा थर द्यायचा, त्या धरल्या की खालची हवेची चकती बोटभर फटीपर्यंत फिरवायची. सकाळी निखारे जिवंत असतात. चकती किती फिरवायची हे वाऱ्यावर आणि कोळशावर अवलंबून असते, आणि पहिल्या हिवाळ्यात तुम्ही एक तर पहाटे चारला थंडीने उठता किंवा बोट भट्टीसारखी तापवता. कोळसा, डिझेल आणि गॅसची नळकांडी विकणाऱ्या बोटी कालव्यावरून फिरतात. त्यांच्या फेरीचे दिवस भिंतीवर लिहून ठेवावेत.

या शेगडीनेच जीवही जाऊ शकतो. धुराडे तुंबले, शेगडीच्या दाराची फट बंद करणारी दोरी झिजली किंवा काच तडकली, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये सक्तीचे आहे. आमच्याकडे दोन आहेत, एक शेगडीजवळ आणि एक उशाशी. थंडी वाजते म्हणून भिंतीतल्या कायमच्या झरोक्यांत कापड कोंबणे हा शुद्ध वेडेपणा आहे. गरम राखेची बादलीही आत ठेवू नये, कारण विझल्यासारखी दिसणारी राख तोच वायू सोडत राहते.

थंडीपेक्षा चिवट शत्रू म्हणजे दमटपणा. दोन माणसांचा श्वास, भाताची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांचे पाणी थंड पोलादावर आणि काचांवर जमते, खाली ओघळते आणि गादीखाली बुरशी धरते. गादीखाली फळ्यांच्या पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवावी आणि स्वयंपाक करताना खिडकी उघडावी, बाहेर बर्फ असला तरी.

महाराष्ट्रीय स्वयंपाक जमतो का?

जमतो, आणि प्रेशर कुकरसारखे बोटीला साजेसे भांडे दुसरे नाही: गॅस कमी, वाफ कमी, पाणी कमी. नळकांडे १३ किलोंच्या प्रोपेनचे घ्यावे. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासे होते आणि ऐन थंडीत गॅसची ज्योत बसते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला तर बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून नळकांडी पुढच्या टोकाला, बाहेर पाण्याकडे भोके असलेल्या बंद कप्प्यातच ठेवतात. ती भोके पानांनी बुजली नाहीत ना, हे पाहत जावे. इडलीचे पीठ जानेवारीत फुगत नाही अशी तक्रार असते. ते शेगडीपासून हातभर अंतरावर, टॉवेलात गुंडाळून ठेवावे. फोडणीचा वास मात्र टोपाथवर पसरतो आणि अनोळखी माणसे थांबून चौकशी करतात.

इंजिनाची रोजची काळजी कोणती?

निघण्यापूर्वी तेल आणि शीतकाची पातळी पाहावी, पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा, इंजिनाखालच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये, किती पाणी आहे ते पाहावे. प्रवास संपल्यावर स्टर्न ग्लँडची ग्रीस फिरवावी. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जेथून बोटीबाहेर जातो तेथील हा जोड असतो. बोट चालू असताना त्यातून अधूनमधून थेंब पडणे बिघाडाचे लक्षण नव्हे. ग्रीसचा दट्ट्या जड लागेपर्यंत फिरवला की थेंब थांबले पाहिजेत, आणि थांबत नसतील तर आतली दोरी बदलण्याची वेळ आली आहे. हिवाळ्यात डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या भागात दव धरते आणि पाणी इंधनात उतरते.

दुसरा नित्याचा प्रकार म्हणजे पंख्यात काहीतरी अडकणे. पश्चिम लंडनमधील साउथॉलजवळ ग्रँड युनियन कालव्यात नारळ तरंगताना दिसतात. तिथल्या भारतीय वस्तीत पूजेनंतर ते पाण्यात सोडण्याची रीत टिकून आहे. नारळाने फारसे बिघडत नाही. एका नोव्हेंबरमध्ये मात्र आमची बोट त्याच भागात एकाएकी मंदावली आणि इंजिन धूर ओकू लागले. काठाला लागलो, इंजिन बंद केले, किल्ली खिशात टाकली (कोणी चुकून चालू केले तर हात जातो), पंख्यावरची मागची झाकणी उघडली आणि खांद्यापर्यंत हात त्या गार पाण्यात घातला. दांड्याभोवती पिळून काथ्याच्या दोरासारखी घट्ट झालेली साडी होती. पाव कापायच्या सुरीने ती कापायला चाळीस मिनिटे लागली. जरीचा काठ ओळखू आला. पाचवारी की नऊवारी हे कळण्याइतकी ती उरली नव्हती.

झाकणी परत बसवताना तिचा पेच पूर्ण आवळावा आणि हाताने हलवून खात्री करावी. ती सैल राहिली तर पंख्याने उसळलेले पाणी थेट इंजिनाच्या खोलीत शिरते आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते.

लॉक पार करणे धोक्याचे असते का?

घाई केली तर असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली दगडी खोली. झडपा उघडून तिच्यात पाणी भरले की बोट वर येते, सोडले की खाली जाते. सात फूट रुंद लॉक एकदा वापरले की साधारण एक लाख लिटर पाणी खाली जाते, म्हणून समोरून बोट येत असेल आणि लॉक तिच्या बाजूने तयार असेल, तर तिला आधी येऊ द्यावे. झडपा फिरवण्याच्या हँडलला विंडलस म्हणतात. दोन बाळगावीत, कारण एक पाण्यात पडतेच.

खाली उतरताना वरच्या दरवाज्याच्या पायथ्याशी असलेला दगडी उंबरठा लक्षात ठेवावा. भरलेल्या लॉकमध्ये तो दिसत नाही. पाणी उतरू लागले की बोटीचा मागचा भाग त्यावर टेकतो, पुढचा भाग खाली जात राहतो आणि बोट नाकावर आपटून बुडते. भिंतीवर त्याची पांढरी खूण केलेली असते. सुकाणू धरणाऱ्याने बोट सतत तिच्या पुढे ठेवावी. उतरताना दोर काठावरच्या खुंटाला पक्का बांधू नये, नाहीतर बोट टांगली जाते. काही विपरीत दिसताच ओरडावे आणि झडपा बंद कराव्यात. डेव्हायझेसजवळच्या केन हिलवर २९ लॉक आहेत, त्यांतील १६ एकाच सरळ चढावर; प्रत्येकाला पंधरा मिनिटे धरली तरी दिवस तेथेच जातो. एरवीही वेगाची मर्यादा ताशी ४ मैलांची आहे आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहून हळू जावे लागते.

पाण्यात पडल्यास किंवा पाण्यामुळे आजार होतात का?

कालवा बहुधा तीन-चार फूटच खोल असतो, म्हणून पडल्यावर आधी उभे राहून पाहावे. लॉक आणि नद्या यांना हे लागू नाही. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांना पावसाळ्यामुळे ठाऊक आहेच; तोच रोग येथेही क्वचित होतो. जखमेवर पट्टी लावावी, दोर हाताळल्यावर हात धुवावेत, आणि पाण्यात पडल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

बोटीच्या तळाची निगा कशी राखतात?

दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळ उच्च दाबाच्या पाण्याने धुतात आणि डांबराचे दोन-तीन हात देतात. इपॉक्सीचा रंग महाग असतो, पण जास्त टिकतो. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून डागडुजी करतात, तोच हा प्रकार. बोट बाहेर असतानाच पत्र्याची जाडी मोजून घ्यावी: नव्या बोटीचा तळ सहसा १० मिलिमीटरचा आणि बाजू ६ मिलिमीटरच्या असतात, आणि ४ च्या खाली गेलेल्या पत्र्याचा पूर्ण विमा मिळणे कठीण होते. तळाला जोडलेले मॅग्नेशियमचे गोळे पोलादाऐवजी स्वतः झिजतात; ते अर्धे झाले की बदलावेत. मरीनातील वीज जोडणाऱ्यांनी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवावा, नाहीतर जमिनीच्या तारेतून शेजारच्या बोटींशी विद्युतमंडल पूर्ण होते आणि तुमचा तळ गुपचूप खाल्ला जातो.

हे घरापेक्षा स्वस्त पडते का?

लंडनच्या भाड्यापेक्षा पडते. लहान गावातील भाड्यापेक्षा पडेलच असे नाही. बोटीची किंमत घरासारखी वाढत नाही आणि तिच्यावर गृहकर्ज मिळत नाही. केवळ पैसे वाचवण्यासाठी येणारे बहुतेक जण दुसऱ्या फेब्रुवारीत बोट विकतात, असे मी पाहिले आहे.

बोटीवर गणपती बसवता येतो का?

येतो. वीतभर मूर्ती, दीड दिवस. विसर्जन बादलीत करावे, कालव्यात नव्हे. शाडूची माती नंतर काठावरच्या कुंडीत जाते.

महिनाभर भारतात जायचे असेल तर बोटीचे काय करावे?

चौदा दिवसांच्या नियमामुळे मरीनात जागा घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीसाठी ती सप्टेंबरमध्येच सांगून ठेवावी. निघताना गॅस नळकांड्यावर बंद करावा, पाण्याचा पंप बंद करून सगळे नळ उघडे ठेवावेत आणि गरम पाण्याची टाकी रिकामी करावी, कारण गोठलेले पाणी नळाचे जोड फोडते. शॉवरची तोटी खाली सोडून ठेवावी. आम्ही ती एकदा विसरलो आणि ८० पौंडांना पडलो. इंजिनात गोठणरोधक द्रव पुरेसा असल्याची खात्री करावी. बिल्जमधला पंप बॅटरीला थेट जोडलेला राहू द्यावा आणि दोरांना थोडी ढील ठेवावी. गाद्या उभ्या कराव्यात, कपाटांची दारे उघडी ठेवावीत, फ्रिज रिकामा करून त्याचे दारही उघडे ठेवावे, आणि आठवड्यातून एकदा बिल्ज पाहील अशा शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी.

परत आल्यावर आधी बिल्ज पाहावा, मग नळ बंद करून पंप सुरू करावा आणि पाच मिनिटे शांत बसून ऐकावे. कोणीही पाणी वापरत नसताना पंप पुन्हा घरघरला, तर कोठेतरी जोड फुटला आहे. तो सापडला नाही तर पंप बंद करून शेगडी पेटवावी. आत उब धरायला एक दिवस लागतो आणि गाद्या कोरड्या व्हायला दोन, म्हणून विमानतळावरून थेट बोटीवर येण्याऐवजी पहिली रात्र मित्राकडे काढणे शहाणपणाचे ठरते. टपालही तेथेच आलेले असते.